म्हणे रिंगा नावालाच असतात!

चार दिवस झाले कोल्हापुरातल्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय की पुलाच्या प्रीस्ट्रेस गर्डरला (आत पोलादी केबल ताणून दाबात ठेवलेल्या काँक्रीटच्या तुळईला) रिंगा (केबलभोवती वाकवून बसवलेल्या उभ्या सळया) नावालाच असतात, शिअर (तुळईला तिरकी भेग पाडणारा कातरजोर) सगळा केबल घेते, एम-५० (मजबूत ग्रेडचं) काँक्रीट रिंगांना धरून ठेवतंय मग हूक (रिंगेचं वाकवलेलं टोक) कशाला, वरची बाहेर आलेली तोंडं कापली तरी चालतंय, आणि आपला शिवाजी पूल बघा, एक रिंग नाही तरी उभा आहे की!

शिवाजी पुलाचं आधी उरकतो. तो दगडी कमानींचा आहे, कमानीत सगळा दाबाचा कारभार, गर्डरचा तिथं संबंधच नाही. पुढं.

केबलचं निम्मं खरं आहे. केबल तिरकी नेली असेल तर तिची उभी मदत मिळते आणि दाबामुळं भेगही उशिरा पडते. पण स्ट्रँड (केबलच्या पोलादी तारा) सरळ असतील तर ती उभी मदत शून्य, आणि भेग पडलीच तर जास्त आडवी, लांब पडते आणि ज्यादा रिंगांना कापत जाते, म्हणजे टाके घालायचं काम रिंगांचंच. आणि टाक्याला गाठच मारली नाही तर? हूक ही ती गाठ.

आता एम-५० चं. पुलाला आयआरसी ११२ हा कोड (डिझाइनची नियमावली) लागतो, पण अंदाजासाठी आयएस ४५६ हा साधारण काँक्रीटचा कोड धरूया, १२ एमएमच्या एफई-५०० (सळईचा ग्रेड) रिंगेचा एक उभा पाय डिझाइनच्या ताकदीपर्यंत ताणला तर जवळपास ५ टन ओढतो, आणि सरळ सळईनं तेवढं धरायला सुमारे ४३० मिमी लांबी लागते. गंमत म्हणजे त्या कोडात एम-४० च्या वर बाँडचा (काँक्रीटनं सळई धरून ठेवायच्या पकडीचा) आकडा वाढतच नाही, त्यामुळं एम-५० सांगून उपयोग नाही. भेग खालच्या फ्लँजच्या (गर्डरच्या खालच्या रुंद भागाच्या) जरा वर असली तर खाली ४३० मिमी आणायचे कुठनं? म्हणून तर आडव्या सळईभोवती रिंग वाकवायची, ९० अंशाला वाकवली तर पुढं ८ व्यास (सळईच्या जाडीच्या ८ पट), १३५ ला ६ व्यास शेपूट. १२ एमएमला ६ व्यास म्हणजे ७२ मिमी, चार बोटं आडवी लावून बघा, जवळपास तेवढंच भरतंय, आणि तेवढ्यासाठी लोक कंजुषी करतात!

सगळ्यात घातक सल्ला तोंडं कापायचा. ती पायात येतात, शटरिंगला आडवी येतात, मान्य, बारबेंडर (सळया वाकवणारा) वैतागतो तेही बघितलंय. पण ती स्लॅबमध्ये जातात, तिथंच रिंगेचं वरचं टोक अडकतं, आणि स्लॅब गर्डरवर घसरू नये म्हणून तीच धरतात. दोन फळ्या नुसत्या एकावर एक ठेवून वाकवा, टोकाला एकमेकींवरनं सरकतात, तसंच. एका कटरनं दोन्ही कामं गेली. आणि कापून झालीच असतील तर भोकं पाडून सळया चिकटवायचा निर्णय साईटवर नाही होत भावा, तो डिझायनरचा, कारण भोक पाडताना खाली केबल लागली तर वेगळंच लफडं.