पंपाच्या सोलेनॉइडला डायरेक्ट वायर जोडू नका, तो मेसेज चुकीचा आहे

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर मामांनी एक मेसेज टाकला, "सेल्फ आणि सोलेनॉइडचा त्रास कायमचा बंद, शोरूमवाले हे सांगत नाहीत". (सेल्फ म्हणजे इंजिन चालू करणारी मोटर. सोलेनॉइड म्हणजे करंट दिला की आतला दांडा, म्हणजे प्लंजर, ओढणारी कॉइल; एक डिझेल पंपावर असतो, एक सेल्फवर.) खाली पाच उपाय. हाच मेसेज मला निपाणीच्या, खानापूरच्या, अथणीच्या गाडीवाल्यांकडनं पण आलाय आणि मी एकेकाला फोनवर सांगत बसलो की बाबांनो करू नका. पण मामांनी टाकायच्या आधीच माझ्या मावसभावानं तो वाचून गाडीवर करून बघितलं होतं, म्हणून आता सगळं एकदाच लिहितो. मी ट्रकच्या वायरिंगचं काम करतो, रोज हेच बघतो.

मेसेजमधले उपाय असे: पंपाच्या सोलेनॉइडला बॅटरीवरनं डायरेक्ट वायर द्या. फ्यूज सारखा उडतोय तर तांब्याची तार घाला. सेल्फ घेत नसेल तर गाडीखाली जाऊन सेल्फची दोन टर्मिनल पान्यानं जोडा. गाडी लागली नाही तर मिनिटभर सलग सेल्फ मारा, डिझेलच्या लाइनीतली हवा निघते. आणि पाचव्यात तीन गोष्टी कोंबल्यात, सोलेनॉइडवर रोज डिझेल मारा, बॅटरीची टर्मिनलं सोड्याच्या पाण्यानं धुवा, रात्री कट-ऑफ स्विच, म्हणजे बॅटरी तोडायचा स्विच, बंद करा.

पहिला उपाय सगळ्यात वाईट. पंपावरचा सोलेनॉइड असतो कशाला? चावी बंद केली की डिझेल तोडायला. बऱ्याच जुन्या गाड्यांत करंट असेल तोवर तो रॅक, म्हणजे पंपातली डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, ओढून धरतो, करंट गेला की स्प्रिंग रॅक परत नेते आणि इंजिन बंद. म्हणजे डायरेक्ट वायर दिली की चावीनं गाडी बंदच होणार नाही. काही गाड्यांत उलटं असतं, करंट दिला की इंजिन बंद पडतं, तिथं डायरेक्ट दिली तर गाडी लागणारच नाही आणि माणूस दिवसभर पंप खोलत बसेल. आणि कॉमन रेलच्या (कॉम्प्युटरवर डिझेल सोडणाऱ्या) नव्या गाड्यांत सगळं ईसीयूच्या, म्हणजे त्या कॉम्प्युटरच्या, हातात असतं, तिथं असली वायर घुसवलीत तर खर्च हजारात राहणार नाही.

मावसभावाची गाडी उसाची, जुनी. तिच्या सोलेनॉइडमध्ये दोन कॉइल आहेत, एक ओढणारी, एक धरून ठेवणारी. ओढणारी भरपूर करंट खाते, ती फक्त क्षणभर चालवायची असते, प्लंजर शेवटपर्यंत बसला की तिचं काम संपलं, पुढं धरणारी कॉइल थोड्याशा करंटवर धरून राहते. त्यानं काय केलं, दोन्ही वायरी एकत्र पिळून बॅटरीवर दिल्या, मधे फ्यूज नाही. कारखान्याच्या यार्डात रांग दोन गाड्या पुढं सरकली, त्यानं गाडी लावली, पुढं घेतली, चावी बंद केली तर इंजिन चालूच. काय झालं बघायला खाली उतरतोय तोवर पंपाकडनं धूर. कॉइल जळून तुटली तेव्हा कुठं स्प्रिंगनं रॅक सोडवला आणि इंजिन बंद पडलं. मागं ऊस, वाळका पाला, पंपाच्या नळीतनं आधीच डिझेल झिरपत होतं. मला फोनवर म्हणाला, "दादा, मेसेजमधी तसंच लिहिलेलं की." त्या दिवशी काय होऊ शकलं असतं ते मला अजून डोळ्यासमोर येतं.

आता याला तो पान्याचा उपाय जोडून बघा. पान्यानं सेल्फ फिरवला की चावी, क्लच स्विच, न्यूट्रल स्विच सगळं बाजूला पडतं. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती जागेवरनं हलणार, आणि तुम्ही चेसिसखाली, मागचं चाक तुमच्याकडं येतंय. सोलेनॉइड डायरेक्ट असेल तर डिझेल आधीच सुरू आहे, इंजिन लगेच पकडणार, आणि केबिनमध्ये माणूस असला तरी चावीनं बंद करू शकणार नाही. एकाच मेसेजमध्ये हे दोन्ही उपाय आहेत. ज्यानं लिहिलं त्यानं गाडीखाली पोरगं पाठवून बघितलं नसणार. क्लीनर पोरांना हे काम कुणीही सांगू नका, कृपा करून.

फ्यूजचं एवढंच, फ्यूज वायर वाचवायला असतो. तो उडतोय म्हणजे कुठंतरी वायर घासून बॉडीला लागलीय किंवा कॉइल गेलीय. तार घातली की फ्यूजच्या ऐवजी सगळा लूम, म्हणजे वायरींचा जुडगा, जळतो.

मिनिटभर सेल्फ मारायचं तर कमिन्सच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय, ३० सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि दोन वेळांच्या मधे २ मिनिटं थांबा. इंजिन बनवणारे सांगतायत, याच्यावर अजून काय पाहिजे. हवा काढायला पंपावर हाताचा प्रायमर दिलेला असतो, तो वापरा.

डिझेल मारायचं बंद करा. त्याच्यावर आमच्याकडची तांबडी माती बसून लगदा होतो, प्लंजरवरचा रबरी बूट (टोपी) फुगतो आणि प्लंजर अडकतो. प्लंजर स्वच्छ पाहिजे हे खरं, पण कोरड्या फडक्यानं पुसा, आणि सर्व्हिसिंगला प्रेशरचं पाणी थेट त्याच्या प्लगवर मारू देऊ नका. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात तर फाटका बूट आठवडाभर पण चालवू नका.

सोड्याचं पाणी मात्र बरोबर आहे, मान्य करतो. खाण्याचा सोडा ॲसिड मारतो, फक्त ते पाणी बॅटरीच्या सेलमध्ये जाऊ देऊ नका, आणि टर्मिनल आवळून झाल्यावर वरनं व्हॅसलीन लावा. कट-ऑफचं पण अर्धं खरं, पण बीएस-६ गाडीत चावी बंद केल्यावर युरियाच्या (धूर साफ करायला मारतात त्याच्या) लाइनी रिकाम्या व्हायला थोडा वेळ लागतो, तोवर कट-ऑफला हात लावू नका, किती थांबायचं ते गाडीच्या पुस्तकात आहे.

मुळात सोलेनॉइड जळतो कशानं ते त्या मेसेजमध्ये कुठंच नाही. बहुतेक वेळा व्होल्टेज कमी आणि अर्थिंग खराब. सेल्फ कट-कट-कट करतो ना, ते व्होल्टेज पडून कॉइल सुटते, सुटली की व्होल्टेज चढतं, परत ओढते, असं चाललेलं असतं, आणि दर वेळी सेल्फच्या सोलेनॉइडच्या आतल्या तांब्याच्या चकतीवर ठिणगी पडते. शेवटी ती चिकटली की चावी सोडली तरी सेल्फ फिरत राहतो. उसाच्या रांगेत दिवसभर लाव-बंद, लाव-बंद, बॅटरी चार्ज व्हायला वेळच मिळत नाही. त्यात दोनपैकी एकाच बॅटरीवरनं १२ व्होल्ट काढून टेप आणि झगमग लायटी लावलेल्या, मग एक बॅटरी कायम उपाशी आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर लावा, दोन्ही वाचतील.

तपासायचं सोपं आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर दोन्ही बॅटऱ्या मिळून २५ व्होल्टच्या वर पाहिजेत. मग सेल्फ मारताना मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसच्या शिशावर, लगवर (केबलच्या टोकाच्या पकडीवर) नाही, आणि दुसरी सेल्फच्या मोठ्या बोल्टवर धरा. मी अर्ध्या व्होल्टपर्यंत चालवून घेतो, जास्त आलं तर केबल, लग नाहीतर कट-ऑफ स्विच खराब. तसंच सेल्फच्या बॉडीपासनं मायनसपर्यंत बघा. इंजिन रबरावर बसलेलं असतं, क्लचचं काम झाल्यावर अर्थिंगची पट्टी रंगावरच आवळलेली मी कितीदा बघितलीय, तिथला रंग घासून काढला की निम्म्या गाड्या तिथंच सुरळीत होतात. आणि पंपाला नवीन सोलेनॉइड बसवला की लिंकेज, म्हणजे त्याला जोडलेली दांडी, हातानं ढकलून बघा, प्लंजर शेवटपर्यंत बसतो का. थोडा जरी अलीकडं अडकला तर काही सोलेनॉइडमध्ये ओढणाऱ्या कॉइलचा करंट तुटतच नाही आणि नवा पण जळतो.

ज्यांनी डायरेक्ट वायर जोडलीय त्यांनी आजच बॅटरीचं मायनस काढून ती वायर तोडा, जुनी जोडणी पुस्तकात बघून रिले (छोट्या करंटवर चालणारा स्विच) आणि सांगितलेल्या अँपिअरच्या फ्यूजसकट परत करून घ्या, आणि नंतर इंजिन चालू करून चावी बंद केल्यावर ते बंद होतंय हे तीन-चार वेळा बघूनच गाडी रस्त्यावर काढा. मावसभावाच्या गाडीचं मी काल केलं, मामांना फोन करून मेसेज पण काढायला लावला.