बाह्यकोनाच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर. तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली पण लगेच लिहिलं नाही, रागात काहीतरी वाकडं लिहून बसले असते. तुम्ही म्हणता, "त्रिकोणाचे कोपरे फाडून शेजारी लावणं ही सिद्धता नव्हे, आधी स्वतः नीट शिका मग मुलांना शिकवा." त्यातलं शेवटचं खरंच लागलं.

मुळात मी सिद्धता हा शब्द वापरलाच नव्हता, तिन्ही कोपरे शेजारी लावले की मिळून 180 अंश "दिसतात" एवढंच लिहिलं होतं. मग मला सिद्धता येत नाही हे कशावरून ठरवलंत? घ्या. त्रिकोण अबक, बाजू बक पुढे ड पर्यंत वाढवा, क मधून बअ ला समांतर रेषा काढा. बाहेरच्या अकड कोनाचे, म्हणजे बाह्यकोनाचे, दोन तुकडे पडतात, एक व्युत्क्रम कोन (समांतर रेषांच्या मधला, छेदणाऱ्या रेषेच्या पलीकडचा) म्हणून अ एवढा, दुसरा संगत कोन (त्याच जागेचा, दुसऱ्या समांतर रेषेपाशी) म्हणून ब एवढा. झाला बाह्यकोन दोन दूरस्थ, म्हणजे त्याला न चिकटलेल्या, आंतरकोनांच्या बेरजेएवढा, त्यात शेजारचा क मिळवला की रेषीय जोडी, म्हणजे सरळ रेषा, 180. प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडच्या 'एलिमेंट्स'च्या पहिल्या पुस्तकातलं 32 वं विधान आहे हे.

शाळेत मला हे सगळं तोंडपाठ होतं, पूर्ण मार्क मिळायचे, पण दूरस्थ म्हणजे कोणापासून दूर हे कळत नव्हतं आणि विचारलं तर "प्रमेय लिही, प्रश्न नको" असं ऐकून घेतलंय. पुढे शिकवायला लागल्यावर एकदा जमिनीवर खडूने मोठा त्रिकोण काढून त्याच्या कडेकडेने चालले तेव्हा कुठे डोक्यात शिरलं, कोपऱ्यावर आल्यावर नाकासमोरची दिशा सोडून जेवढं वळावं लागतं तो बाह्यकोन, आत 60 असेल तर वळण 120 चं, आणि तिन्ही वळणं घेऊन पहिल्या दिशेला तोंड झालं की 360 पूर्ण. 17 वर्षं शिकवतेय मी. बाहेर उरलेल्या 300 अंशांना बाह्यकोन म्हणणारी मुलं असं एकदा चालली की ती चूक सोडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, तुम्ही पाहिलंय का?

एक मात्र तुमचं बरोबर. प्रत्येक शिरोबिंदूपाशी दोन बाह्यकोन, म्हणजे एकूण 6, त्यामुळे "सगळ्या बाह्यकोनांची बेरीज 360" हे माझं वाक्य अपुरं होतं. "प्रत्येक शिरोबिंदूपाशी एक" हे शब्द आता घातलेत.

आणि गोलाचा मुद्दा काढलात तर, गोलावरच्या त्रिकोणात तीन काटकोन बसतात, बेरीज 270 होते, ते ठाऊक आहे. लेख सपाट कागदावरच्या त्रिकोणाबद्दल होता.