आयर्लंडमधलं क्लब क्रिकेट संपत आलंय? नाही, आणि का नाही ते सांगते

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. त्यातले तीन इथले, डब्लिनचे, आणि चौथा थेट साताऱ्याच्या माझ्या शाळेच्या वर्गाचा. मेसेज लांबलचक आहे, पण सार एवढंच: आयर्लंडमधलं क्लब क्रिकेट मरणपंथाला लागलंय. मुळात तो इंग्रजांचा खेळ, आयरिश मातीत कधी रुजलाच नाही. आज मैदानावर दिसतात ते सगळे भारतीय आणि पाकिस्तानी, ते गेले की खेळ खलास. कसोटी दर्जाच्या मागे लागून बोर्डाने क्लब वाऱ्यावर सोडले. उरलंसुरलं पाऊस आणि हर्लिंग (काठी-चेंडूचा पारंपरिक आयरिश खेळ) खाणार. दहा वर्षांत क्लबांना टाळं.

मी डब्लिनमधल्या एका क्लबाची आठ हंगाम स्कोअरर आहे. मुलाला अंडर-११ च्या सरावाला सोडायला गेले होते, तिथे कुणीतरी स्कोअरबुक हातात दिलं, ते आजवर सुटलेलं नाही. दर शनिवारी सहा-सात तास सीमारेषेबाहेरच्या टेबलाशी बसून जे दिसतं ते या मेसेजशी जुळत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेते.

“मातीत रुजलाच नाही.” हा सगळ्यात चुकीचा मुद्दा, आणि सगळ्यात जास्त पटणाराही, कारण तो ऐकायला खरा वाटतो. डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये फिनिक्स क्रिकेट क्लब १८३० पासून आहे. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉलची संघटना, जीएए, स्थापन झाली १८८४ मध्ये. म्हणजे चोपन्न वर्षांनी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किलकेनी, टिपरेरी, वेस्टमीथ या भागांत खेडोपाडी क्रिकेटचे संघ होते. किलकेनी म्हणजे आज हर्लिंगची पंढरी. त्या किलकेनीत शेतकरी आणि मजूर क्रिकेट खेळायचे. आयरिश स्वराज्याची मागणी ब्रिटिश संसदेत लावून धरणारे चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल विकलोच्या संघाचे कप्तान होते. इंग्रजांशी भांडणाऱ्या माणसाला इंग्रजांचा खेळ खेळण्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मग खेळ ओसरला का? जमिनीचा लढा पेटला तसे जमीनदार आणि कुळं एकमेकांपासून तुटली, आणि वाड्यांच्या आवारातली मैदानं गेली. पुढे जीएएने ‘परकीय’ खेळांवर बंदी घातली. क्रिकेट, रग्बी, सॉकर खेळलात तर तुम्ही संघटनेच्या बाहेर. ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. जे मातीत रुजलेलंच नाही ते उपटून काढायला कुणी इतकी वर्षं नियम चालवत नाही.

आणि इतकं करूनही ते पुरतं उपटलं गेलं नाहीच. डब्लिनच्या उत्तरेला फिंगल म्हणून पट्टा आहे: रश, स्केरीज, बॅलब्रिगन, बॅलरॉदरी. रश गाव भाजीपाल्याचं, काचघरांतल्या टोमॅटोचं. ही शेतकऱ्या-कामकऱ्यांची गावं, आणि यांनी पिढ्यान्‌पिढ्या क्रिकेट जपलं. २०१९ मध्ये इंग्लंडला विश्वचषक जिंकून देणारा ऑयन मॉर्गन याच रशच्या मैदानावर वाढला. उत्तर-पश्चिमेला टिरोन परगण्यात सायन मिल्स आहे, लिननच्या गिरणीभोवती वसलेलं गाव. २ जुलै १९६९ ला तिथे आयर्लंडने वेस्ट इंडिजला २५ धावांत गुंडाळलं आणि सामना ९ गडी राखून जिंकला. डगी गुडविनचे ६ धावांत ५ बळी. हे घडलं गिरणीगावाच्या मैदानावर, कुठल्या स्टेडियममध्ये नव्हे.

आता दुसरा मुद्दा, जो मला व्यक्तिशः लागला. “फक्त भारतीय आणि पाकिस्तानी खेळतात, ते गेले की खलास.”

आपली संख्या वाढली आहे यात वाद नाही. २०१६ च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये भारतीय नागरिक साडेअकरा हजारांच्या आसपास होते, २०२२ मध्ये ते ४५ हजारांवर गेले. लेन्स्टरच्या, म्हणजे डब्लिन ज्यात येतं त्या प्रांताच्या, लीगमध्ये डझनाहून अधिक डिव्हिजन आहेत, आणि त्यांतल्या खालच्या डिव्हिजनच्या टीमशीटवर नजर टाकली तर आपलीच आडनावं जास्त दिसतील. ॲडम्सटाउन, टिरल्सटाउन ही डब्लिनच्या पश्चिमेची नवी वस्ती. तिथे अलीकडच्या काळात नवे क्लब उभे राहिले. जिथे क्लब नव्हता तिथे क्लब निघतो, याला खेळ मरणं कसं म्हणायचं?

“ते गेले की”, पण जाणार कुठे? माझ्या ओळखीतल्या निम्म्या घरांनी वीस-पंचवीस वर्षांची कर्जं काढून इथे घरं घेतली आहेत. आमच्या पोरांना सातारा म्हणजे आजीचं गाव, घर म्हणजे हेच. माझा मुलगा मिडऑनवर उभा राहून इतरांइतक्याच पक्क्या डब्लिनी हेलात गोलंदाजाला हाक मारतो आणि कॅच सुटला की मराठीत हळहळतो. त्याला कुठल्या रकान्यात टाकणार? आमच्या अंडर-१३ संघात गेल्या वर्षी दोन मर्फी होते, एक जोशी, एक खान, एक थॉमस केरळचा आणि एक थॉमस इथला. स्कोअरबुकात मी दोघा थॉमसांपुढे जर्सीचे आकडे लिहायचे.

सिमी सिंगचं उदाहरण घ्या. पंजाबातून शिकायला डब्लिनला आला, क्लब क्रिकेट खेळत राहिला, आणि २०१७ मध्ये आयर्लंडकडून खेळला. जुलै २०२१ मध्ये डब्लिनजवळच्या मालाहाइडला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध आठव्या क्रमांकावर येऊन त्याने नाबाद १०० केल्या. त्याला तिथवर क्लबनेच पोचवलं.

आणि ‘आयरिश लोकांनी क्रिकेट सोडलं’ म्हणणाऱ्यांनी राष्ट्रीय संघ नीट बघावा. हॅरी टेक्टर वायएमसीए क्लबचा, लॉर्कन टकर आणि जोश लिटल पेम्ब्रोक क्लबचे, पॉल स्टर्लिंग कॅरिकफर्गस क्लबचा. टेक्टर आणि लिटल दोघेही १९९९ मध्ये जन्मले. १७ मार्च २००७ ला, ऐन सेंट पॅट्रिक्स डेला, आयर्लंडने विश्वचषकात पाकिस्तानला हरवलं तेव्हा दोघं सात वर्षांचे होते. २०११ मध्ये बंगळुरूला केव्हिन ओब्रायनने पन्नास चेंडूंत शतक ठोकून इंग्लंडला लोळवलं तेव्हा अकरा. ज्या वयात पोरगं ‘मलाही बॅट पाहिजे’ म्हणतं, नेमकं ते वय. पण त्या दिवशी घराजवळ क्लब नसता तर ती बॅट कोपऱ्यात पडून राहिली असती.

तिसरा मुद्दा कसोटी दर्जाचा. इथे मेसेज अर्धा बरोबर आहे आणि तेवढं मान्य करायला हवं. आयर्लंड २०१७ मध्ये आयसीसीचा पूर्ण सदस्य झाला, मे २०१८ मध्ये मालाहाइडला पाकिस्तानविरुद्ध पहिली कसोटी झाली. पूर्ण सदस्य झाला म्हणून पैशांचा पाऊस पडला असं नाही. आयसीसीच्या सध्याच्या वाटपात भारताला सुमारे साडेअडतीस टक्के मिळतात आणि आयर्लंडला सुमारे तीन. २०२४ मध्ये परवडत नाही म्हणून ऑस्ट्रेलियाविरुद्धची घरची मालिका रद्द करावी लागली. करारबद्ध खेळाडू क्लबच्या सामन्यात अभावानेच दिसतात, त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलाला अव्वल गोलंदाजासमोर उभं राहायची जी संधी पूर्वी शनिवारी सहज मिळे, ती आता मिळत नाही. हे नुकसान खरं आहे.

पण “बोर्डाने क्लब सोडले” म्हणताना एक गोष्ट विसरली जाते. आयर्लंडचं आंतरराष्ट्रीय क्रिकेट आजही क्लबांच्याच जमिनीवर उभं आहे. मालाहाइड हे क्लबचं मैदान. सामना असला की तात्पुरते स्टँड बांधायचे, झाला की सोडायचे. कॅसल ॲव्हेन्यू हे मैदान क्लॉन्टार्फ क्लबचं, १९९९ च्या विश्वचषकातला एक सामना तिथे झाला. ब्रेडीचं मैदान तर टिरोनमधल्या एका छोट्या गावातलं. बेलफास्टचं स्टॉरमॉन्ट हे सिव्हिल सर्व्हिस नॉर्थ या क्लबचं घरचं मैदान, आणि आपल्यातल्या किती जणांना आठवतं, की २००७ च्या जूनमध्ये सचिन दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९९ वर बाद झाला तो तिथेच?

त्याच स्टॉरमॉन्टवर जुलै २०२४ मध्ये आयर्लंडने घरच्या मैदानावरचा पहिला कसोटी विजय मिळवला. झिंबाब्वेने १५८ चं लक्ष्य दिलं होतं आणि आयर्लंड ५ बाद २१. तिथून टकरने ५६ केल्या आणि अँडी मॅकब्राइन ५५ वर नाबाद राहिला. मॅकब्राइन डॉनेमानाचा. हे इतकं लहान गाव आहे की नकाशावर शोधावं लागतं, पण तिथल्या क्लबात मॅकब्राइन घराण्याची आधीची पिढीही खेळली, आयर्लंडकडूनही खेळली. तेव्हा कसोटी संघाने क्लबांना संपवलं की क्लबांनी कसोटी संघाला तारलं? मला दुसरं दिसतं. डब्लिनमधल्या ॲबट्सटाउनच्या राष्ट्रीय क्रिकेट स्टेडियमला २०२४ मध्ये सरकारने मान्यता दिली आहे, २०३० चा टी-२० विश्वचषक इंग्लंड आणि स्कॉटलंडबरोबर इथे व्हायचा आहे. ते मैदान वेळेत झालं तर क्लबांच्या खांद्यावरचं ओझं बरंच हलकं होईल. ते व्हावं असं मला मनापासून वाटतं.

पावसाबद्दल फार लिहीत नाही. मुंबईत १९४८ पासून कांगा लीग मुद्दाम पावसाळ्यात खेळवतात, त्यावर वाढलेल्या माणसांनी पावसाचं कारण पुढे करू नये. शिवाय इथे जूनमध्ये रात्री दहाला सूर्य मावळतो. ऑफिसातून येऊन साडेसहाला वीस षटकांचा सामना सुरू करा, उजेडात संपतो.

हर्लिंगचंही तसंच. आमच्या क्लबातली बरीच मुलं दोन्ही खेळतात, आणि हर्ली, म्हणजे हर्लिंगची काठी, फिरवणाऱ्या मनगटाला पुल शॉट शिकवावा लागत नाही. गळती होते ती पंधराव्या-सोळाव्या वर्षी, जेव्हा दोन्हींपैकी एक निवडायची वेळ येते आणि लीव्हिंग सर्टिफिकेटची, म्हणजे शाळा संपतानाची, परीक्षा डोक्यावर असते. ही गळती इथल्या प्रत्येक खेळात आहे. मेसेजमध्ये मुलींचं तर नावही नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये आयर्लंडच्या महिलांनी स्टॉरमॉन्टला इंग्लंडला एकदिवसीय सामन्यात हरवलं, तो विजय तेवीस वर्षांनी आला. पुढच्या वसंतात आमच्याकडे मुलींच्या सरावाला किट कमी पडलं.

मग सगळं छान चाललंय का? नाही. धोका आहे, पण मेसेज दाखवतो तिथे नाही. खेळणाऱ्यांची रांग लागली आहे, कमी आहेत ते मैदानाला हात लावणारे. चांगली खेळपट्टी असलेलं मैदान डब्लिनमध्ये सोन्याच्या भावाचं झालंय. पंच मिळत नाहीत, म्हणून खालच्या डिव्हिजनमध्ये फलंदाजी करणाऱ्या संघाचेच खेळाडू पंच म्हणून उभे राहतात आणि पायचीतवरून भांडणं होतात.

आमच्या मैदानावरचं सांगते. कव्हर ओढायला चार माणसं लागतात. रात्री पाऊस झाला की ताडपत्रीवर पाणी साठतं, ते एका बाजूने उचलून नीट उताराला सोडावं लागतं, नाहीतर सगळं खेळपट्टीच्या टोकावर येतं आणि गोलंदाजाचा पाय टाकायची जागा चिखल होते. सकाळी साडेनऊला हे करायला येतात आमचे ग्राउंड्समन, वय चौऱ्याहत्तर, आणि त्यांच्याच वयाचे आणखी दोघे. सामना एकला. आपली मंडळी येतात साडेबाराला, पॅड बांधत. गेल्या वर्षी वार्षिक सभेला नऊ जण होते. क्लबचे खेळणारे सभासद शंभरावर आहेत आणि त्यांतले निम्म्याहून जास्त आपले, पण त्या नऊ जणांत आपली मी एकटी. फी भरली की आपलं काम झालं, असं आपण धरून चालतो. उद्या खरंच एखाद्या क्लबला टाळं लागलं तर ते याच कारणाने लागेल, आणि तेव्हा “आयरिश लोकांनी क्रिकेट सोडलं” म्हणायला आपल्याला तोंड नसेल.

हे मी आमच्या ग्रुपवर मार्चमध्ये लिहिलं होतं. काहींना राग आला. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी तिसऱ्या संघातला नाशिकचा एक मुलगा साडेनऊला हजर झाला, बरोबर त्याचा फ्लॅटमेट आणि चहाचा थर्मास. ग्राउंड्समननी काही न बोलता दोरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं, स्टंपांपासून चार फूट कसे मोजायचे ते दाखवलं आणि चुन्याच्या पाण्याचा डबा पुढे सरकवला. त्याची पहिली रेघ तिरकी आली. आजोबांनी ओल्या फडक्याने ती पुसली आणि म्हणाले, “परत.” तिसऱ्या वेळी सरळ आली. मे महिन्यात आजोबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते तीन आठवडे नव्हते, आणि आमचे तिन्ही शनिवारचे सामने वेळेवर एकला सुरू झाले.