टॅक्सीच्या जीपीएसने हिंदमाताचा सखल भाग सापडेल का?

पावसाळा जवळ आला की एक संदेश हमखास फिरू लागतो. मुंबईच्या हजारो बसगाड्या आणि टॅक्सींमध्ये जीपीएस आहेच. त्यातील उंचीच्या नोंदी एकत्र केल्या की पाणी कुठे तुंबणार याचा नकाशा फुकटात मिळेल, मग महापालिकेला सर्वेक्षणाची गरज काय, असा त्याचा आशय असतो. सोबत दादरच्या रस्त्यावर उणे ६० मीटर उंची दाखवणाऱ्या मोबाइलचे चित्र जोडलेले असते आणि शहर समुद्राखाली गेल्याचा निष्कर्षही.

चित्रातील आकडा खोटा नाही, त्याचा अर्थ चुकीचा लावला आहे. उपग्रहांवरून मिळणारी मूळ उंची समुद्रसपाटीपासून नव्हे, तर पृथ्वीचा आकार म्हणून मानलेल्या एका गणिती लंबगोलापासून मोजलेली असते, आणि मुंबईत सरासरी समुद्रसपाटीच त्या लंबगोलाच्या ६० मीटरांहून अधिक खाली आहे. काही यंत्रे हा फरक काढून टाकतात, काही टाकत नाहीत. त्यामुळे कोणत्या यंत्राची नोंद कोणत्या पातळीपासूनची आहे हे न पाहता केलेली बेरीज निरर्थक ठरते.

‘नोंदी पुरेशा असल्या की चुका आपोआप एकमेकींना छेद देतात’ हा मुद्दा मात्र वरकरणी पटण्याजोगा आहे. चूक कधी वर, कधी खाली अशी विखुरलेली असेल, तर सरासरीने ती खरोखर कमी होते. पण उंच इमारतींवरून परावर्तित होऊन आलेला उपग्रहाचा संकेत त्या ठिकाणी रोज साधारण एकाच प्रकारे फसवतो, आणि असा कल हजार गाड्यांच्या सरासरीतही तसाच उरतो. शिवाय सगळे उपग्रह डोक्यावरच्या बाजूला असतात, पायाखाली एकही नसतो. त्यामुळे उंचीतील चूक आडव्या स्थानातील चुकीपेक्षा बहुधा मोठी असते, म्हणजे साध्या यंत्रात काही मीटरांची. पाणी मात्र वीतभर उताराच्या फरकाने आपली वाट ठरवते. पाणी तुंबण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या दादरजवळच्या हिंदमाताला तर उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता नकाशावर एकाच जागी येतात. दोन्हींची सरासरी काढली, तर जिथे रस्ताच नाही अशा अधांतरी उंचीवर रस्ता दिसेल!

वाहनावरून उंची मोजताच येत नाही, असे मात्र नाही. स्थिर संदर्भ केंद्राकडून क्षणोक्षणी दुरुस्ती घेणारे यंत्र, अँटेनाची रस्त्यापासूनची मोजलेली उंची, गाडीचे झुकणे टिपणारे संवेदक आणि समुद्रसपाटीशी जुळवून घेणारे प्रारूप, इतके असेल तर मोकळ्या आकाशाखाली काही सेंटीमीटरांची अचूकता मिळते. मात्र ती सामग्री टॅक्सीतल्या यंत्रात नसते, आणि मिळालेली उंची सर्वेक्षणाच्या स्थिर खुणांशी ताडून पाहावी लागतेच.

शेवटचा मुद्दा संदेशात येतच नाही. गाडी रस्त्याची पातळी सांगेल, पण गटाराच्या तळाची, नाल्याच्या मुखाची किंवा चाळीच्या जोत्याची सांगणार नाही. भरतीचे पाणी नाल्याच्या मुखापेक्षा वर असताना पाऊस पडला, तर पाण्याचा निचरा होईल की नाही हे याच पातळ्यांवर अवलंबून असते, आणि त्या मोजायला माणसालाच गटारावरचे झाकण उघडावे लागते.