‘एजंट बघून घेईल’ म्हणणाऱ्यांना

“डॉक्युमेंटेशन लिहिण्यात वेळ घालवू नका. ब्राउझर चालवणारं टूल एआय एजंटच्या हाती द्या, पुढचं तो बघून घेईल.” डेव्हलपर मंडळींच्या ग्रुपांमधून हा सल्ला सध्या जोरात फिरतोय. (एजंट म्हणजे सांगितलेलं काम टूल वापरून स्वतःच करणारा एआय प्रोग्राम.) जोडीला चार कारणं असतात: मॉडेलला, म्हणजे एजंटमागच्या एआयला, सगळं आधीच येतं, नाही आलं तर ते सोर्स कोड वाचेल, चुकलं तर एररवरून शिकेल, आणि माणसांसाठी लिहिलेलं आहेच की.

“आधीच येतं.” येतं, पण कोणत्या साली शिकलेलं? ब्राउझर चालवणारं सेलेनियम हे टूल 2004 पासून आहे, त्यामुळे मॉडेलच्या वाचनात त्याबद्दलचा जुना मजकूर ढिगानं आलेला असतो. पायथॉनमधली ‘फाइंड एलिमेंट बाय आयडी’ ही मेथड वर्षानुवर्षं चालली आणि 2022 मध्ये 4.3 आवृत्तीत काढून टाकली गेली. पपेटिअर या तशाच दुसऱ्या टूलमधलं ‘वेट फॉर टाइमआउट’ 2024 मध्ये 22 व्या आवृत्तीत गेलं. जुन्या ट्यूटोरियलांत मात्र दोन्ही ठाण मांडून आहेत, आणि कुणी बजावलं नाही तर मॉडेल तेच बिनदिक्कत लिहून मोकळं होतं. आवृत्ती कोणती आणि कशाऐवजी काय वापरायचं, एवढ्या दोन ओळींचं काम आहे.

“सोर्स कोड वाचेल.” कोड त्याच्यासमोर असेल तर वाचेलही. पण एमसीपीवरून (एजंटला टूल जोडण्याच्या एका प्रमाण पद्धतीनं) जोडलेल्या टूलबद्दल एजंटपर्यंत पोहोचतं ते मुख्यतः टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटरांचा आराखडा. वर्णन ढिसाळ असेल तर त्याला दुसरा फारसा आधार नाही. मायक्रोसॉफ्टच्या प्लेराइट एमसीपीचंच घ्या; प्लेराइट हे ब्राउझर चालवणारं टूल एजंटला जोडून देणारा हा संच. त्यातल्या स्क्रीनशॉट घेणाऱ्या टूलच्या वर्णनात सरळ सांगितलंय, की स्क्रीनशॉटवरून कृती करता येणार नाही, त्यासाठी स्नॅपशॉटचं टूल वापरा. वाक्य साधं आहे, पण त्यामागे कारण आहे. स्नॅपशॉट म्हणजे पेजची अ‍ॅक्सेसिबिलिटी ट्री, पेजवरच्या घटकांची मजकुरातली यादी: हे बटण, त्याचं नाव ‘पुढे’, त्याचा रेफ (ओळखखूण) ‘ई12’. क्लिक करताना सहसा हा रेफ दिला जातो आणि चित्रात तो नसतो. ते वाक्य नसतं तर एजंटनं चित्रात बटण पाहिलं असतं आणि रेफ अंदाजानं ठोकला असता. शिवाय हा रेफ त्या स्नॅपशॉटपुरताच. पेज बदललं की नवा स्नॅपशॉट घ्यायचा, हेही कुणीतरी सांगायला हवं.

“एररवरून शिकेल.” चारांतलं सगळ्यात महागात पडणारं कारण हेच. एरर चांगली लिहिलेली असेल तर शिकतो, यात वाद नाही. प्लेराइट क्लिक करण्याआधी पाहतं, की बटण दिसतंय का, हलत तर नाही ना, चालू आहे का, त्याच्यावर दुसरं काही आलंय का. कुकीची पट्टी आडवी आली, तर लॉगमध्ये तसं येतं. एजंट पट्टी बंद करतो, काम पुढे सरकतं. उत्तम.

पण समजा क्लिक झालं, फॉर्म सर्व्हरपर्यंत पोहोचला आणि पुढचं पेज वेळेत आलं नाही. एजंटला दिसतं एवढंच: टाइमआउट. तो पुन्हा क्लिक करतो. शोधपेटीत काही बिघडत नाही. पैसे भरण्याच्या पेजवर मात्र दोनदा पैसे कापले जाऊ शकतात, आणि तो धडा तुमच्या खात्यातून शिकलेला असतो. म्हणून कोणतं टूल फक्त वाचतं, कोणतं काही बदलतं, आणि टाइमआउटनंतर पुन्हा दाबण्याआधी काय तपासायचं, हे वर्णनातच हवं. एमसीपीमध्ये ‘रीड ओन्ली’, ‘डिस्ट्रक्टिव्ह’ असे इशारे टूलला जोडायची सोय आहे. पण ते इशारेच, हमी नव्हे.

“माणसांसाठीचं आहेच.” यात थोडं तथ्य आहे. माणसाला नीट समजेल असं लिहिलेलं एजंटलाही सहसा समजतं. अडतं ते “खाली दाखवल्याप्रमाणे योग्य बटण दाबा” अशा वाक्यांपाशी. शेजारचं चित्र पाहून माणूस समजून घेतो. मजकूरच वाचणाऱ्या एजंटला ते ‘योग्य’ कुठून कळणार? तसंच पूर्ण मॅन्युअल वर्णनात ओतणंही चुकीचंच. टूलचं वर्णन सहसा मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे ते एका वेळी डोळ्यांसमोर ठेवू शकतं त्या मर्यादित मजकुरात, बसून राहतं आणि कामाची जागा खातं. ठळक अक्षरांत दहा वेळा ‘महत्त्वाचं’ लिहिणाऱ्यांनाही हात जोडून विनंती: सगळंच महत्त्वाचं असेल तर काहीच नाही.

एक मान्य करायलाच हवं. वेब पेजवरच कुणी एजंटसाठी छुपी सूचना पेरून ठेवली असेल, तर वर्णन कितीही नेटकं असो, तेवढ्यानं ती अडत नाही. तिथे परवानग्याच आवळाव्या लागतात.

वर्णन जमलंय की नाही हे पाहायचंय? ‘पुढे’ नावाची तीन बटणं असलेलं एक पेज बनवा, कोऱ्या सेशनमध्ये एजंटला त्यातलं मधलं दाबायला सांगा आणि तो पहिल्यांदा कोणतं टूल उचलतो, स्नॅपशॉटचं की स्क्रीनशॉटचं, ते लॉगमध्ये बघा.