‘एजंटसाठी पायघड्या कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली, म्हणून उत्तर लांबलंय.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी: आमच्या डेटा अपलोड करायच्या कमांड-लाइन टूलचं (कमांड टाइप करून चालवायच्या प्रोग्रॅमचं) डॉक्युमेंटेशन मी एआय एजंटच्या, म्हणजे आपणहून कमांड चालवणाऱ्या एआय प्रोग्रॅमच्या, सोयीने नव्याने लिहिलं, त्यावर मागचा लेख होता. तुमचं म्हणणं, माणसांसाठीची पानं वर्षानुवर्षं अर्धवट पडून आहेत आणि यंत्रासाठी मात्र पायघड्या. एजंट एवढा हुशार असेल तर त्याने माणसांचंच डॉक्युमेंटेशन वाचावं. शिवाय चार सूचना लिहिल्याने तो सुरक्षित होत नाही.

सुरक्षिततेचं आधी उरकतो, कारण तिथे वाद नाही. ‘डिलीट करू नका’ हे वाक्य म्हणजे कुलूप नव्हे. ज्याला फक्त अपलोड करायचंय त्याच्या टोकनला (प्रवेशाच्या डिजिटल परवान्याला) डिलीटचा अधिकारच नसावा. आमच्याकडे तो होता. आता काढलाय.

एजंटसाठी वेगळी फाइल ठेवली हीही माझीच चूक. एका फ्लॅगचं, म्हणजे कमांडला जोडायच्या पर्यायाचं, नाव बदललं, ते एका फाइलमध्ये दुरुस्त झालं, दुसरीत राहिलं. आता मजकूर एकच आहे, माणसाला आणि एजंटला मिळून.

पण ‘हुशार असेल तर समजून घेईल’ हे मला पटत नाही. घोडं हुशारीपाशी अडतच नाही. माणसाचं काम मध्येच तुटलं की तो शेजारच्या टेबलावर विचारतो, “अरे, परत चालवू का?” शेजारचा म्हणतो, “थांब, आधी स्टेटस बघ.” हे ‘थांब’ आम्ही कधी लिहून ठेवलंच नव्हतं, कारण सांगायला शेजारी कुणीतरी असायचंच. एजंटला शेजार नाही. गाळलेल्या जागा तो अंदाजाने भरतो, आणि तेही छातीठोकपणे.

आमच्याकडे झालं ते असं. एजंटने एक सीएसव्ही फाइल चढवायला घेतली. सर्व्हरने ओळी घेतल्या, पण उत्तर परत येईपर्यंत टाइमआउट झाला, म्हणजे वाट बघायची ठरलेली वेळ संपली. टूलने छापलं: ‘अपलोड अयशस्वी. पुन्हा प्रयत्न करा.’ एजंटने केला. पुन्हा तेच. टेबलात प्रत्येक नोंद तीन-तीनदा. मी एजंटच्या नावाने बोटं मोडायला बसलो, आणि मग लक्षात आलं की त्याने आमचं ऐकलं होतं. ‘पुन्हा प्रयत्न करा’ हे माणूस सौजन्य म्हणून वाचतो. एजंटच्या लेखी तो हुकूम असतो. आणि ‘अयशस्वी’ तर सरळसरळ खोटं होतं. खरं उत्तर ‘माहीत नाही’ हे होतं.

पुन्हा पाठवलेलं चालतं की नाही, हा फरक एचटीटीपीमध्ये (टूल आणि सर्व्हर यांच्या संवादाच्या नियमांत) सांगितलेलाच आहे: पुट प्रकारची विनंती दोनदा पाठवली तरी परिणाम एकदा पाठवल्यासारखाच व्हायला हवा, पोस्टला तशी हमी नाही. आमचं टूल आतून पोस्ट वापरत होतं. म्हणून मी डॉक्युमेंटेशनमध्ये ओळ लिहायला घेतली, ‘टाइमआउट झाल्यास...’ आणि पुढे लिहिताच येईना. टूललाच ठाऊक नव्हतं, तर मी काय लिहिणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! शेवटी टूल बदलावं लागलं. आता प्रत्येक अपलोडबरोबर एक ओळख-क्रमांक जातो आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर नवं काही न लिहिता जुनाच निकाल परत देतो. त्यानंतर कुठे ओळ पूर्ण झाली: ‘टाइमआउट झाल्यास तोच ओळख-क्रमांक देऊन तीच कमांड चालवा. नोंदी दुबार होणार नाहीत.’ दोन वाक्यं, मागे दीड आठवड्याचं काम. याला पायघड्या म्हणायचं तर म्हणा, पण रात्री उशिरा त्याच टाइमआउटवर अडकणारा माणूसही त्याच वाटेने जातो.

एक्झिट कोडचंही तसंच. कमांड संपताना जो आकडा मागे ठेवते तो हा कोड, आणि ० म्हणजे सगळं ठीक. काही ओळी नाकारल्या गेल्या तरी आमचा कोड ० यायचा. माणसाला पडद्यावरची लाल अक्षरं दिसायची. एजंट ० बघून ‘काम झालं’ कळवून मोकळा.

एक उदाहरण मागच्या लेखात राहून गेलं. ‘आयडी कॉलम सापडला नाही’ असा एरर, आणि फाइल उघडावी तर पहिलाच कॉलम आयडी. गोम अशी की काही प्रोग्रॅम यूटीएफ-८ (मजकूर साठवायची एक पद्धत) फाइलच्या सुरुवातीला न दिसणारे ३ बाइट घालतात, आणि आमचं टूल ते नावाचाच भाग समजत होतं. माणूस इथे वैतागून मदत मागतो. एजंटने काय करावं? त्याने आयडी नावाचा नवा कॉलम घालून त्यात १, २, ३ भरले. अपलोड बिनबोभाट झालं! मूळ आयडींशी जोडलेलं सगळं तुटलं. म्हणून आता प्रत्येक एररखाली ‘हे करू नका’ अशीही ओळ आहे, आणि तिथली पहिली सूचना: मूळ फाइलला हात लावू नका.

यात नवं काहीच नाही. १९७१च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमध्येही कमांडचे एरर संदेश आणि ज्ञात दोष यांच्यासाठी वेगळे मथळे होते, आणि ते माणसांसाठीच होते. मधल्या काळात आपण स्क्रीनशॉट डकवायला लागलो.

राहता राहिलं तुम्ही दाखवलेलं ‘सुरुवात कशी करावी’ हे पान. तिसऱ्या पायरीतला फ्लॅग खरंच केव्हाच काढून टाकलेला आहे. आज दुपारी पान दुरुस्त केलं. चौथी पायरी अजून चालवून बघायची आहे.