‘हे लोक ऐकतच नाहीत’

मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या पंगतीला दरवर्षी कुणीतरी हे वाक्य बोलतंच. “हे लोक ऐकतच नाहीत गं. गोळ्या वेळेवर घेत नाहीत, तपासण्या करत नाहीत, आणि मग थेट डायलिसिसलाच येतात.” हे लोक म्हणजे इथले, अमेरिकेतले, कृष्णवर्णीय पेशंट. बोलणारे बहुतेक आपलेच, डॉक्टर, फार्मासिस्ट, हॉस्पिटलात नोकरी करणारे. (काहीजण त्यांच्यासाठी आणखी एक शब्द वापरतात. तो मी इथे लिहिणार नाही, आणि माझ्यासमोर कुणी वापरूही नये.)

मी फार्मासिस्ट आहे. मूळची साताऱ्याची, गेली अकरा वर्षं जॉर्जियातल्या कोलंबस शहरात. पहिली कित्येक वर्षं मीही हेच वाक्य बोलत होते, म्हणून आज हे लिहिते आहे.

२०२१ मध्ये आमच्या दुकानात कोविडची लस आली. दर महिन्याला ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला येणारे एक वयस्कर गृहस्थ होते, सत्तरीच्या पुढचे, हॅट काढून नमस्कार करणारे. मी त्यांना लसीबद्दल विचारलं. ते हसले आणि म्हणाले, “मॅम, मी मेकन काउंटीत वाढलोय.” एवढंच. गोळ्या घेतल्या आणि गेले. त्यांना वाटलं असणार की एवढं सांगितलं म्हणजे सगळं सांगून झालं. मला काहीच कळलं नाही. मेकन काउंटी आमच्या घरापासून गाडीने तासाभराच्या आत आहे, अलाबामात. त्यातलं गाव टस्कीगी.

त्या रात्री वाचायला बसले. टस्कीगी हे नाव फार्मसीच्या परीक्षेत नीतिशास्त्राच्या धड्यात एका ओळीत येऊन गेलं होतं. त्या ओळीत काय काय राहून गेलं होतं ते तेव्हा समजलं.

१९३२ साली अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याने मेकन काउंटीतले ६०० कृष्णवर्णीय पुरुष निवडले. बहुतेक वाट्याने शेती करणारे, गरीब. ३९९ जणांना सिफिलिस होता, म्हणजे आपल्याकडे जुनी माणसं ज्याला गरमी म्हणत तो रोग. २०१ जणांना नव्हता. या पुरुषांना सांगितलं की तुमचं ‘रक्त खराब’ आहे आणि आम्ही उपचार करतोय. खरे उपचार मात्र करतच नव्हते. उपचाराविना रोग माणसाला कुठवर नेतो हे खात्याला पाहायचं होतं, मरेपर्यंत आणि मेल्यावर शवविच्छेदन करूनसुद्धा. बदल्यात गरम जेवण, तपासणीच्या दिवशी गाडी, आणि अंत्यविधीचा खर्च. कण्यातून सुई घालून पाणी काढायचं होतं तेव्हा पत्र पाठवलं की ही ‘खास मोफत उपचारांची’ शेवटची संधी आहे. लोक आले. डॉक्टरवर विश्वास होता म्हणून आले.

रोग टोचून दिला अशी एक समजूत आहे, ती खरी नाही. रोग आधीचाच होता. १९४७ पर्यंत पेनिसिलिन हा त्यावरचा नेहमीचा उपाय झाला होता, आणि तो त्यांच्यापासून लांब ठेवला गेला. गावातल्या डॉक्टरांना याद्या दिल्या होत्या, यांना औषध देऊ नका. हे ४० वर्षं चाललं. खात्यातल्याच पीटर बक्सटन नावाच्या कर्मचाऱ्याने १९६६ पासून तक्रारी केल्या, कुणी दाद दिली नाही. शेवटी जुलै १९७२ मध्ये जीन हेलर यांची बातमी वर्तमानपत्रांत आली तेव्हा थांबलं. राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली ती १९९७ मध्ये.

आता मूळ मुद्द्यावर येते. मार्सेला अल्सान या स्वतः डॉक्टरही आहेत आणि अर्थशास्त्रज्ञही. त्यांनी आणि मेरियन वानामेकर यांनी एक साधा, पण कुणी न मोजलेला प्रश्न घेतला: ही बातमी फुटल्यानंतर त्या प्रयोगात नसलेल्या लोकांचं काय झालं? बातमी वाचून ज्यांना वाटलं असेल की हा माझ्यासारखाच माणूस, त्यांचं? त्यांनी १९७२ च्या आधीचे आणि नंतरचे आकडे घेतले, कृष्णवर्णीय पुरुषांची तुलना कृष्णवर्णीय बायकांशी आणि गोऱ्या पुरुषांशी केली, आणि मेकन काउंटीपासून कोण किती जवळ राहतं तेही धरलं. २०१८ मध्ये निबंध छापून आला. वयस्कर कृष्णवर्णीय पुरुषांचा डॉक्टरांवरचा विश्वास घटला, दवाखान्यात जाणं घटलं, मृत्यू वाढले, आणि जितकं जवळ तितका परिणाम जास्त. त्यांच्या हिशेबाने ४५ वर्षांच्या कृष्णवर्णीय पुरुषाचं उरलेलं आयुष्य दीड वर्षापर्यंत कमी झालं. १९८० मध्ये गोऱ्या आणि कृष्णवर्णीय पुरुषांच्या आयुर्मानात जी दरी होती, तिचा सुमारे ३५ टक्के भाग एकट्या या गोष्टीमुळे होता.

दीड वर्ष. ज्यांना कुणी कधी हातही लावला नाही त्यांचं. मी त्या आकड्यावर बराच वेळ थांबले होते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. आजच्या तिशीतल्या मुलाला टस्कीगी माहीत असेलच असं नाही. सगळं त्या जुन्या पापाच्या माथी मारलं की आजचे डॉक्टर सुटतात. खरं आहे. माझ्या काउंटरवर तरुण बायका टस्कीगीचं नाव काढत नाहीत. त्या सांगतात की इमर्जन्सीत गेले होते, दुखतंय म्हटलं तर नर्सने नाटक करतेय अशा नजरेने पाहिलं. २०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात गोऱ्या मेडिकल विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना काही विधानं दिली होती, कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते वगैरे. जवळजवळ निम्म्यांनी असलं किमान एक तरी खोटं विधान खरं मानलं. २०१६ मध्ये! आणि असं मानणाऱ्यांनी कृष्णवर्णीय पेशंटचं दुखणं कमी धरलं.

किंवा ऑक्सिमीटर घ्या. कोविडच्या काळात तुम्ही-आम्ही सगळे बोटाला ते चिमट्यासारखं यंत्र लावून ९४ च्या वर आहे ना हे पाहत बसलो होतो. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी दाखवलं की यंत्रात आकडा ठीक दिसत असताना रक्तातला प्राणवायू खरोखर घसरलेला असणं, हे कृष्णवर्णीय पेशंटमध्ये गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा घडतं. तेव्हा ज्या बाईला वाटतं की मला श्वास लागतोय पण हे म्हणतात सगळं ठीक आहे, तिचा अविश्वास अडाणी कसा?

अडाणी हा शब्द मला फार खुपतो. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात गोरे सोजीर घरात शिरून झडत्या घेत होते, देवघरापर्यंत जात होते, माणसं उचलून नेत होते. तेव्हा आपल्या लोकांनी रोगी लपवले, प्रेतं लपवली. आपण ती गोष्ट मुलांना सांगतो तेव्हा त्या माणसांना अडाणी म्हणत नाही. त्यांच्या जागी उभं राहून पाहतो. मग इथे का पाहत नाही?

अल्सान यांचं दुसरं काम मला याहूनही मोलाचं वाटतं. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये, ग्रँट ग्राझियानी आणि डॉ. ओवेन गॅरिक यांच्यासोबत. त्यांनी न्हाव्यांच्या दुकानांतून आणि जुन्या बाजारांतून १३०० हून अधिक कृष्णवर्णीय पुरुष गाठले आणि मोफत तपासणीची कूपनं दिली. जे आले त्यांना टॅब्लेटवर आपल्याला मिळणाऱ्या डॉक्टरचा फोटो दाखवला आणि विचारलं, कोणत्या तपासण्या करायच्या? काहींचा डॉक्टर कृष्णवर्णीय, काहींचा नव्हता. फोटो पाहून काहीच फरक पडला नाही. मग डॉक्टर समोर येऊन बसले, बोलले, आणि निवड बदलायची मुभा दिली. तेव्हा फरक पडला. कृष्णवर्णीय डॉक्टर मिळालेल्यांपैकी मधुमेहाच्या तपासणीला हो म्हणणारे २० टक्क्यांच्या फरकाने जास्त निघाले, कोलेस्टेरॉलच्या २६ टक्क्यांच्या. म्हणजे जिथे रक्त काढायचं, तिथे फरक सगळ्यात जास्त. त्या डॉक्टरांशी पेशंट आपल्या तब्येतीबद्दल जास्त बोलले, आणि त्या डॉक्टरांनी टिपणंही जास्त लिहिली.

सोपा निष्कर्ष असा की कृष्णवर्णीय डॉक्टर वाढवा. जरूर वाढवावेत. लोकसंख्येत सुमारे १३ टक्के आणि डॉक्टरांत ६ टक्क्यांहूनही कमी, हे आपोआप झालेलं नाही. मेडिकल कॉलेजांच्या दर्जावरच्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर कृष्णवर्णीयांच्या सात मेडिकल कॉलेजांपैकी पाच बंद पडली, हॉवर्ड आणि मेहॅरी तेवढी उरली. पण तोवर आम्ही काय करायचं? त्या अभ्यासात ‘कृष्णवर्णीय नसलेले’ असा जो गट आहे, तसलीच मीही. आपल्यातले हजारो तसलेच. फोटोने काही झालं नाही, बोलण्याने झालं, हे मी माझ्यासाठी लिहिलेलं आहे असं समजून वाचलं. माझा रंग मी बदलू शकत नाही, पण माझं विचारणं बदलू शकते.

म्हणून मंडळातल्या माझ्या डॉक्टर मित्रमैत्रिणींना हात जोडून सांगते, ते वाक्य सोडा. पेशंट नाही म्हणाला की त्याला काय माहीत नाही हे शोधण्याआधी, त्याला असं काय माहीत आहे जे तुम्हाला नाही, ते विचारा. वेळ नसतो हे मलाही ठाऊक आहे, आमच्या दुकानात एका माणसामागे तीन मिनिटंही मिळत नाहीत. तरी विचारा.

त्या गृहस्थांना पुढच्या महिन्यात मी सांगितलं की मी टस्कीगीबद्दल वाचलं, आणि तेव्हा तुमचं बोलणं मला कळलं नव्हतं त्याबद्दल माफ करा. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बहुतेक लोक वाचत नाहीत.” लस त्यांनी माझ्याकडून अजून घेतलेली नाही, फ्लूचीही नाही. मी दर वर्षी एकदाच विचारते. पण गेल्या महिन्यात ते बायकोच्या औषधांची अख्खी पिशवी घेऊन आले, काउंटरवर ओतली, आणि म्हणाले, “यातलं कुठलं कशासाठी आहे, ते मला नीट सांगा.” मागे रांग होती. आम्ही वीस मिनिटं बसलो.